पॅनिक डिसऑर्डर आणि चुंबकीय मेंदू उद्दीपन: खान्देशातील रुग्ण व नातेवाईक यांच्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येणारे पॅनिक डिसऑर्डरचे रुग्ण तपासणीला बसल्या बसल्या मोबाईल पुढे करतात आणि त्यातील चित्रफितीत डोक्याला टेकवलेले ‘चुंबकाचे मशीन’ दाखवून हे आपल्याला लागू पडेल का, असे विचारतात. हा प्रश्न अगदी रास्त आहे. वर्षानुवर्षे छातीतील धडधडीने पिचलेल्या माणसाला नव्या उपचाराची आशा वाटणारच. पण त्या आशेपायी केळीच्या पट्टीचे किंवा कापसाचे आलेले पैसे खर्ची पडण्याआधी त्या उपचाराविषयी काय माहीत आहे आणि काय सिद्ध झालेले नाही, हे त्याला स्वच्छ शब्दांत कळले पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून या भागात काम करताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

पॅनिक अटॅक येतो म्हणजेच पॅनिक डिसऑर्डर झाला का?

नाही. पॅनिक अटॅक म्हणजे अचानक उसळणारी आणि काही मिनिटांतच शिगेला पोहोचणारी तीव्र भीती. त्या वेळी छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, श्वास पुरत नाही, छातीत दुखते, मळमळते, चक्कर येते, हाताला मुंग्या येतात, आजूबाजूचे सारे खोटे वाटू लागते आणि आता आपण मरणार किंवा वेडे होणार, अशी खात्रीच वाटते. आपल्याकडचे अहिराणी बोलणारे रुग्ण हे सारे ‘जीव घाबरस’ एवढ्या दोन शब्दांत सांगतात, आणि ऐकणाऱ्याला अनेकदा ते नुसते मन कच्चे असल्यासारखे वाटते. तेथेच निदान हुकते. असा एखादा अटॅक आयुष्यात कोणालाही येऊ शकतो. मात्र असे अटॅक कोणत्याही उघड कारणावाचून वारंवार येऊ लागले आणि त्यानंतर किमान महिनाभर ‘आता पुन्हा येईल’ ही धास्ती माणसाला सोडेना, किंवा त्या धास्तीने त्याने बाजार, लग्नकार्य, एसटीचा प्रवास टाळायला सुरुवात केली, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जवळपास दुप्पट प्रमाणात आढळतो.

पण माझा त्रास हृदयाचा नाही, हे कशावरून?

ही शंका मनात येणे योग्यच आहे आणि पहिल्या अटॅकच्या वेळी ती डॉक्टरच्याही मनात आलीच पाहिजे. छातीत दुखणे, दम लागणे, घाम येणे ही लक्षणे हृदयविकाराचीही असतात. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या अथवा तंबाखू खाणाऱ्या माणसाने ‘हे टेन्शनच असेल’ म्हणत घरी बसू नये. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि रक्तातील साखर एवढ्या तपासण्या एकदा नीट झाल्या पाहिजेत, कारण रक्तक्षय आणि वाढलेले थायरॉईड या दोन्हींत छाती धडधडते. खान्देशात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एप्रिल-मेमध्ये भुसावळ, रावेर, यावलकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा शेतातून आलेल्या माणसाची धडधड, गरगर आणि मळमळ उन्हाच्या तडाख्यानेही असू शकते आणि त्याला आधी सावली, पाणी व तपासणी हवी असते.

अडचण होते ती यानंतर. माझ्याकडे आलेल्या एका ताईंनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढली, तीत अकरा ईसीजी होते. सर्वांत जुना कागद फिका पडून त्यावरील रेघ दिसेनाशी झाली होती. अकराही नॉर्मल होते, आणि प्रत्येक वेळी त्यांना ‘काही नाही, गॅस आहे’ असे सांगून सलाईन लावून घरी पाठवले होते. ‘काही नाही’ हे उत्तर खरे नव्हते. हृदयात काही नव्हते, पण आजार होता आणि त्याला नाव होते. ते त्यांना पहिल्या किंवा दुसऱ्या ईसीजीनंतर कोणीतरी सांगायला हवे होते.

चुंबकीय मेंदू उद्दीपन म्हणजे नेमके काय?

तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि त्या क्षेत्रात दुसरा विद्युतवाहक आला की त्यात प्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. शेतातल्या मोटारीच्या डीपीवरील ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो. या उपचारात तारेचे वेटोळे म्हणजे कॉईल डोक्याला बाहेरून टेकवलेली असते आणि ‘दुसरा वाहक’ म्हणजे मेंदूतील चेतापेशी. शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली अशा कॉईलने कवटीबाहेरून मेंदू उत्तेजित करून हाताचे स्नायू हलवून दाखवले. तेथून हे तंत्र सुरू झाले. एकामागून एक ठरावीक गतीने स्पंदने दिली जातात तेव्हा त्याला आरटीएमएस म्हणतात, आणि उपचार म्हणून हाच प्रकार वापरला जातो. स्पंदनाच्या क्षणी कॉईलजवळ सुमारे दीड ते दोन टेस्ला इतके, म्हणजे एमआरआय यंत्रातल्याच्या तोडीचे चुंबकीय क्षेत्र असते. पण ते एका लहान जागेपुरते आणि निमिषार्धापुरते असते. नेहमीच्या इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या कॉईलचा परिणाम मेंदूत दोन-तीन सेंटीमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो.

बाजारात मिळणारे चुंबकाचे पट्टे, गाद्या आणि ब्रेसलेट यांचा या उपचाराशी काहीही संबंध नाही. त्यांतील चुंबकीय क्षेत्र बदलते नसते, त्यामुळे त्यातून मेंदूत प्रवाह निर्माण होऊच शकत नाही.

म्हणजे हा शॉकच ना?

नाही. ज्याला लोक शॉक म्हणतात ती विद्युत-आक्षेप चिकित्सा भूल देऊन केली जाते आणि तीत मेंदूत नियंत्रित फिट मुद्दाम आणली जाते. तीव्र नैराश्यात तो आजही अत्यंत परिणामकारक उपचार आहे आणि त्याविषयीची चित्रपटी भीती अनाठायी आहे; मात्र पॅनिक डिसऑर्डरवरचा तो उपचार नव्हे. चुंबकीय उद्दीपनात भूल नसते, फिट आणायची नसते, रुग्ण पूर्ण जागा असतो आणि सत्र संपल्यावर स्वतःच्या पायांनी बसस्टँडवर जाऊ शकतो.

पॅनिकसाठी मेंदूच्या कोणत्या भागाला उद्दीपन देतात?

धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डला हा बदामाएवढा भाग मेंदूत खोलवर असतो आणि नेहमीची कॉईल तेथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून कपाळाच्या वरच्या बाजूला असलेल्या, अमिग्डलाशी चेताजालाने जोडलेल्या पुढच्या भागाला लक्ष्य केले जाते. सेकंदाला एक किंवा त्याहून कमी गतीने दिलेली स्पंदने त्या भागाची क्रियाशीलता साधारणपणे कमी करतात, तर सेकंदाला पाच किंवा अधिक गतीने दिलेली ती वाढवतात. पॅनिक डिसऑर्डरमध्ये उजवीकडचा पुढचा भाग अतिक्रियाशील असावा, या तर्काने बहुतेक अभ्यासांत उजव्या बाजूला सेकंदाला एक या मंद गतीने स्पंदने दिली गेली. नैराश्यात नेहमी उलटे करतात, म्हणजे डाव्या बाजूला जलद गतीने. तर्क पटण्याजोगा आहे, पण तर्क पटला म्हणून उपचार लागू पडतोच असे नाही.

मग पॅनिक डिसऑर्डरमध्ये याचा उपयोग होतो, याला पुरावा किती?

थोडा, आणि जो आहे तोही एका दिशेने बोट दाखवत नाही. या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण जाहिरातीत नेमके हेच एका ओळीत उरकलेले असते.

कोणत्याही यंत्राच्या उपचारात खरा प्रश्न असा असतो की, तेच यंत्र, तोच आवाज, तीच खुर्ची आणि तोच धीर देणारा माणूस ठेवला, फक्त चुंबकीय स्पंदन मेंदूपर्यंत पोहोचू दिले नाही, तर रुग्णाला किती बरे वाटते. असे लटके उद्दीपन एका गटाला आणि खरे दुसऱ्या गटाला देऊन, कोणाला काय मिळाले हे रुग्णाला कळू न देता तुलना करावी लागते. पॅनिकमध्ये हे विशेष गरजेचे आहे. चार आठवडे रोज घराबाहेर पडणे, रोज कोणीतरी आपुलकीने विचारपूस करणे आणि रोज अर्धा तास एका जागी शांत बसून काहीही वाईट न घडल्याचा अनुभव घेणे, एवढ्यानेही या आजाराची भीती उतरते.

अशा कसोटीला उतरलेले सुरुवातीचे अभ्यास दोनच होते. पहिला २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रास्को आणि सहकाऱ्यांचा. गोळ्यांनी पुरेसा फरक न पडलेल्या १५ रुग्णांना त्यात दहा सत्रे दिली गेली. दोन्ही गट सुधारले, पण खऱ्या आणि लटक्या उद्दीपनात फरक दिसला नाही. दुसरा २०१३ साली प्रसिद्ध झालेला मँटोव्हानी आणि सहकाऱ्यांचा. त्यात पॅनिक डिसऑर्डरबरोबर नैराश्यही असलेले २५ रुग्ण होते आणि चार आठवडे उजव्या बाजूला रोज १,८०० मंद स्पंदने दिली गेली. खरे उद्दीपन मिळालेल्यांपैकी ५० टक्के रुग्णांच्या पॅनिकमध्ये लक्षणीय सुधारणा झाली, तर लटके मिळालेल्यांपैकी केवळ ८ टक्क्यांच्या. आकडा डोळ्यांत भरण्यासारखा आहे, पण माणसे २५च होती; त्यातले दोन-चार रुग्ण इकडचे तिकडे झाले असते, तर हाच आकडा वेगळा दिसला असता.

कोक्रेन या वैद्यकीय पुराव्याचा पडताळा घेणाऱ्या संस्थेच्या २०१४ सालच्या आढाव्यात हेच दोन अभ्यास, म्हणजे एकूण ४० रुग्ण, निकषात बसले आणि पॅनिक डिसऑर्डरमध्ये हा उपचार परिणामकारक आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर जर्मनीतील अभ्यासकांनी डाव्या बाजूला थीटा बर्स्ट नावाची जलद पद्धत मानसोपचाराच्या जोडीला वापरून पाहिली; तिने पॅनिकची लक्षणे लटक्या उद्दीपनापेक्षा अधिक कमी झाली नाहीत.

या सगळ्यावरून माझे मत असे बनले आहे की हा उपचार थोतांड नाही, पण पॅनिक डिसऑर्डरपुरता तो अजून प्रयोगाच्या उंबरठ्यावर आहे. ‘नव्वद टक्के खात्री’ किंवा ‘कायमचा बरा’ असे जेथे छापलेले दिसेल, तेथे तो आकडा कोठून आला हे जरूर विचारावे.

पण या यंत्राला अमेरिकेत मान्यता आहे, असे जाहिरातीत लिहिलेले असते. ते खोटे आहे का?

खोटे नाही, अर्धे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, २०१३ साली अर्धशिशीच्या एका प्रकारासाठी, २०१८ साली मंत्रचळासाठी आणि २०२० साली धूम्रपान सोडवण्यासाठी अशा यंत्रांना परवानगी दिली. पॅनिक डिसऑर्डर या यादीत नाही. मान्यता यंत्राला सरसकट मिळत नसते, ती एका आजारासाठी मिळते. जसे कापसाच्या बोंडअळीसाठी शिफारस असलेले औषध केळीच्या करप्यावर चालेलच असे कोणताही जाणता शेतकरी धरून चालत नाही.

खुर्चीत बसल्यापासून नेमके काय काय होते?

आधी डोक्याजवळचा धातू काढून ठेवतात: कानातले, चमकी किंवा नथ, केसांतील पिना, चष्मा. मोबाईल, घड्याळ आणि एटीएम कार्ड दूर ठेवतात. कानात बोळे घालतात, कारण प्रत्येक स्पंदनाबरोबर कॉईलमधून मोठा ‘टक्’ असा आवाज येतो. त्यानंतर रुग्णाच्या मेंदूला किती जोराचे स्पंदन लागते, हे मोजले जाते. ही पायरी मी एका रुग्णाबरोबर जाऊन जवळून पाहिली आहे. रावेरकडचा चाळिशीतला शेतकरी, खुर्चीच्या हातावर डावा तळहात उताणा ठेवून बसलेला, बोटांवर केळीच्या चिकाचे न निघणारे काळे डाग. तंत्रज्ञाने उजव्या कानाच्या वरच्या बाजूला कॉईल टेकवून तिची जागा बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवली. टक्. काही नाही. पुन्हा टक्, आणि तो डाग पडलेला अंगठा आपोआप आत वळून परत जागेवर आला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘साहेब, मी नाही हलवला.’’ अंगठा जेमतेम हलवणारा हा किमान जोर म्हणजे त्या माणसाचा उंबरठा, आणि पुढची सारी मात्रा त्याच्या टक्केवारीत ठरते. म्हणून एकाची मात्रा दुसऱ्याला चालत नाही आणि ही मोजणी न करता थेट उपचार सुरू करणाऱ्या ठिकाणी मी माझ्या घरच्या माणसाला बसवणार नाही.

मग कॉईल पुढे सरकवून उपचाराच्या जागी स्थिर करतात. सेकंदाला एक या गतीने १,८०० स्पंदने द्यायची, तर बरोबर ३० मिनिटे लागतात. कपाळावर कोणी टिचक्या मारत असल्यासारखे वाटते. आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे, असा साधारण क्रम असतो.

याचे दुष्परिणाम काय आहेत? हा उपचार कोणी घेऊ नये?

सर्वाधिक आढळणारा त्रास म्हणजे डोकेदुखी आणि कॉईलच्या जागी त्वचा दुखणे. तो बहुधा पहिल्या आठवड्यानंतर कमी होतो आणि साध्या पॅरासिटामॉलने थांबतो. काहींच्या पापणीचा किंवा जबड्याचा स्नायू स्पंदनाबरोबर उडतो. कानात बोळे नीट बसले नसतील, तर ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. गंभीर धोका एकच, तो म्हणजे फिट येण्याचा. तो हजार रुग्णांत एकापेक्षाही कमी जणांना संभवतो, पण शून्य नाही. अपुरी झोप, दारू किंवा एकाएकी बंद केलेली दारू, आणि बुप्रोपिऑन किंवा क्लोझापिनसारखी काही औषधे हा धोका वाढवतात. म्हणून लग्नाच्या वरातीत रात्रभर जागून सकाळी सत्राला येऊ नये, आणि दारूची सवय असल्यास ती घरच्यांपासून लपवली तरी डॉक्टरांपासून लपवू नये.

डोक्यात धातूची क्लिप किंवा छर्रा असलेल्यांनी, श्रवणयंत्राचे कॉक्लिअर रोपण झालेल्यांनी आणि मेंदूत उद्दीपक बसवलेल्यांनी हा उपचार घेऊ नये. पेसमेकर असल्यास हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय त्या खुर्चीकडे फिरकू नये. पूर्वी कधी फिट आली असेल, डोक्याला मोठा मार लागला असेल, किंवा गर्भधारणा असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. दातांतील साधे सिमेंट किंवा चांदी सहसा आड येत नाही.

खुर्चीत बसल्यावरच अटॅक आला तर?

येऊ शकतो. डोके स्थिर ठेवायचे, आवाज चालू, उठता येत नाही, ही परिस्थिती पॅनिकच्या रुग्णाला मुळातच नकोशी असते. यंत्र क्षणात थांबवता येते आणि हात वर केला की ते थांबवले जाईल, हे आधी ठरवून घ्यावे. ज्यांनी पहिल्या दिवशी केवळ खुर्चीत बसून आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सत्र घेतले, त्यांना ते सोपे गेल्याचा माझा अनुभव आहे.

या उपचाराने गोळ्या बंद होतील का?

या आशेनेच बहुतेक जण विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो: पॅनिकवरील अभ्यासांत हा उपचार गोळ्यांना पर्याय म्हणून नव्हे, प्रामुख्याने जोड म्हणून तपासला गेला. सत्रे सुरू झाली म्हणून चालू गोळ्या मनाने थांबवू नयेत. विशेषतः अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या असतील आणि एकदम थांबवल्या, तर घबराट उसळून येते आणि फिटही येऊ शकते. म्हणजे एकीकडे फिटचा धोका असलेला उपचार आणि दुसरीकडे तो धोका वाढवणारी चूक, असे दुहेरी संकट होते. या गोळ्या आठवड्या-आठवड्याने थोड्या थोड्या कमी करायच्या असतात. गावात मेडिकलवरून वर्षानुवर्षे परस्पर ‘झोपेची गोळी’ म्हणून त्या घेणारे अनेक रुग्ण मी पाहतो. त्यांचा दोष नाही. त्यांना हे कोणी सांगितलेले नसते.

मग यंत्राच्या आधी काय करून पाहावे?

दोन गोष्टी, आणि दोन्ही पुरत्या. त्या पुरत्या केल्या जात नाहीत, हेच माझे खरे दुखणे आहे.

पहिली गोष्ट औषध. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या गटातील औषधे पॅनिक डिसऑर्डरमध्ये चांगली पारखलेली आहेत आणि त्यांची सवय लागत नाही. मात्र सुरुवातीच्या आठवडा-दोन आठवड्यांत त्यांनी काहींची बेचैनी उलट वाढते, आणि खरा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. हे आधी न सांगितल्यामुळे रुग्ण चौथ्या दिवशी ‘गोळीने जास्तच झाले’ म्हणून ती बंद करतो आणि केसपेपरवर ‘औषधाला दाद नाही’ अशी नोंद होते. ती दाद न देणे नव्हे. अशा रुग्णाला फार लहान मात्रेने सुरुवात करावी लागते, हळूहळू पुरेशा मात्रेपर्यंत न्यावे लागते आणि बरे वाटल्यावरही सुमारे वर्षभर औषध चालू ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे संज्ञानात्मक वर्तन उपचार, म्हणजे बोलण्यातून आणि सरावातून दिला जाणारा उपचार. पॅनिकमध्ये शरीराची साधी संवेदना मन मृत्यूची चाहूल म्हणून वाचते, त्या भीतीने संवेदना आणखी वाढते आणि चक्र पूर्ण होते, अशी मांडणी डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली केली. हे चक्र तोडण्यासाठी रुग्णाला ती संवेदना मुद्दाम, थोडी थोडी अनुभवायला लावतात. गच्चीवर जागच्या जागी मिनिटभर धावून छाती धडधडू द्यायची आणि न बसता, नाडी न चाचपता ती आपोआप शांत होताना पाहायची. खुर्चीत गोल फिरून गरगर येऊ द्यायची. मग टाळलेल्या जागांकडे जायचे. चाळीसगावकडच्या एका रुग्णाने दरवर्षी चैत्रात सप्तशृंगी गडावर जाणे सोडले होते, कारण सुमारे ५०० पायऱ्या चढताना होणारी धडधड त्यांना हार्ट अटॅकची वाटे. आम्ही घराच्या जिन्यापासून सुरुवात केली, मग पाण्याच्या टाकीचा जिना, मग एसटीत दाराजवळची जागा सोडून मधल्या सीटवर बसून एक थांबा, मग दोन. वर्षभराने ते गडावर जाऊन आले आणि रोपवेने न जाता पायऱ्यांनी गेले. हा उपचार बारा-पंधरा बैठकांचा असतो, त्याला यंत्र लागत नाही आणि त्याचा फायदा उपचार संपल्यावरही टिकतो. प्रशिक्षित माणसे आपल्या भागात कमी आहेत, ही मात्र खरी उणीव आहे. काही बैठका फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर घेऊन ती थोडीफार भरून काढता येते.

मग चुंबकीय उद्दीपनाचा विचार कोणी करावा?

किमान दोन औषधे पुरेशा मात्रेत व पुरेशा काळ घेऊन, आणि मानसोपचार नीट पूर्ण करूनही ज्यांचे अटॅक थांबत नाहीत, त्यांनी विचार करण्यास हरकत नाही. पॅनिकबरोबर औषधांना न जुमानणारे नैराश्यही असेल, तर पारडे उपचाराकडे अधिक झुकते, कारण नैराश्यासाठी त्याचा पुरावा भक्कम आहे. पहिला अटॅक येऊन दोन महिने झालेल्या आणि एकही औषध महिनाभर सलग न घेतलेल्या माणसाने यासाठी पैसे खर्च करू नयेत.

खर्च आणि प्रवास यांचे गणित कसे मांडावे?

एका सत्राच्या दरावरून अंदाज बांधू नये. आठवड्याला पाच या हिशेबाने चार आठवड्यांची २० आणि सहा आठवड्यांची ३० सत्रे होतात. त्यांचा एकूण आकडा लेखी मागावा. केंद्र परगावी असेल तर प्रवासच मोठा होतो. धुळ्याहून नाशिकला रोज जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर होतात, त्यामुळे महिनाभर तेथे नातेवाइकांकडे राहण्याची सोय, बुडणारी मजुरी आणि शेतीचा हंगाम हेही हिशेबात धरावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. परंतु हा उपचार रुग्णालयात भरती न होता घेतला जातो आणि अनेक पॉलिसींत अशा उपचारांवर मर्यादा असतात. म्हणून आधी लेखी मंजुरी घ्यावी, नंतर पैसे भरावेत.

केंद्रात गेल्यावर काय विचारावे?

निदान मानसोपचारतज्ज्ञाने केले आहे का, प्रत्येक रुग्णाचा उंबरठा मोजला जातो का, फिट आल्यास हाताशी काय सोय आहे, पॅनिकसाठी नेमकी कोणती बाजू व कोणती गती वापरणार आणि का, आणि दहा सत्रांनंतर काहीच फरक नसेल तर उरलेले पैसे परत मिळतील का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचाराच. माझ्या एका रुग्णाकडून एका केंद्राने पूर्ण तीस सत्रांची रक्कम आगाऊ घेतली होती. बाराव्या सत्रानंतर त्याला यायचे नव्हते, पण पैसे अडकले म्हणून तो येत राहिला. संमतिपत्र मराठीत मागण्याचा आणि ते घरी नेऊन वाचण्याचा हक्क आपल्याला आहे.

घरचे म्हणतात हे बाहेरचे आहे, आधी भगताकडे जाऊ. काय करावे?

घरच्यांशी भांडू नये. अटॅक अचानक येतो, माणूस ओळखू न येण्याइतका घाबरतो आणि पंधरा-वीस मिनिटांत काहीच न झाल्यासारखा उठून बसतो. हे पाहणाऱ्याला बाहेरचे वाटले, तर त्यात नवल नाही. अंगारा लावल्यानंतर तो उतरतो, कारण तो तसाही उतरणारच असतो. सलाईनचेही तेच. मुक्ताईला किंवा देवीला जाऊन मनाला बळ मिळत असेल तर जरूर जावे, फक्त सकाळची गोळी घेऊन जावे. चटके, मारहाण किंवा उपाशी ठेवणे मात्र एका क्षणासाठीही खपवून घेऊ नये.

अटॅक आलेल्या माणसाजवळ असताना आपण काय करावे?

पहिलाच अटॅक असेल किंवा छातीतील दुखणे हात-जबड्याकडे जात असेल, तर दवाखाना गाठावा. निदान आधीच झालेले असेल, तर शेजारी बसावे, गर्दी हटवावी, आवाज हळू ठेवावा आणि ‘हा तोच त्रास आहे, काही मिनिटांत उतरेल, मी इथेच आहे’ एवढेच सांगावे. श्वास सावकाश सोडायला सांगावा, घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्यावा. तोंडावर पिशवी धरू नये, कांदा हुंगवू नये, ‘मन घट्ट कर’ असे म्हणू नये. दिवसभरात सात-आठ कप चहा होत असेल, तर तो कमी करण्याविषयी मात्र दुसऱ्या दिवशी बोलावे, कारण चहा-कॉफीतील कॅफीन अटॅकला खतपाणी घालते.

रात्री-अपरात्री कोणाशी बोलावे असे वाटले तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

सगळी सत्रे घेऊनही फरक पडला नाही तर?

तर निदान पुन्हा तपासावे लागते. थायरॉईड, दारू, लपलेले नैराश्य, घरातील सततचा जाच किंवा पूर्वी घडलेला एखादा आघात राहून गेला आहे का, हे पाहावे लागते. औषधाचा गट बदलता येतो, व्हेन्लाफॅक्सिन किंवा इमिप्रामिनसारखी जुनी पण परिणामकारक औषधे वापरता येतात, अर्धवट राहिलेला सराव पुन्हा सुरू करता येतो. वर सांगितलेल्या त्या रावेरच्या शेतकऱ्याला वीस सत्रांनी नैराश्यातून बरेच वर काढले, अटॅक मात्र आठवड्याला तीनवरून दोनवर आले, एवढेच. त्यानंतर आम्ही जिन्यापासून सुरुवात केली. आता तो महिन्यातून एकदा येतो, जळगाव स्टँडवरून चालत, आणि आल्यावर आधी सांगतो की आज खिडकीजवळ जागा नव्हती, मधे उभा राहून आलो.